एका टोकाचा गळ

माझी थोरली बहीण नूतन हिच्या हातात पक्कड आली की घरातल्या वस्तूंनी सावध राहावं. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात ती मूर्तींवर दागिने चढवते. मुकुटाची तार वळवायची, खडे बसवायचे, सोंडेवरची साखळी अडकवायची. त्यामुळे पक्कड, कटर आणि पितळी तारेचं रीळ तिच्या पिशवीत कायम असतं. माझ्या चपलेचा अंगठा तिनं एकदा त्या तारेनं बांधून दिला होता. पुढे चप्पल झिजून गेली, अंगठा शाबूत राहिला.

आम्ही रोह्याकडचे, भात आणि वाल पिकवणारे. माशाशी आमचा संबंध ताटापुरता. ताई लग्न होऊन वडखळच्या पुढे धरमतर खाडीच्या अंगाला गेली, तर तिथं घरोघर तळं आणि तळ्यात जिताडा मासा. पावसाळ्यात खाडीतून बोटाएवढी पिल्लं आणून सोडायची, चार-पाच वर्षं वाढवायची, आणि घरात लग्न निघालं की काढायची, ही तिकडची रीत. मुलीच्या लग्नात विकतचा मासा वाढला तर गाव वर्षभर तोंडसुख घेतं.

माझे मेहुणे महिपती यांनी त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात अशीच पिल्लं आणून तळ्यात सोडली. “मनालीच्या लग्नाला आपल्या तळ्यातला जिताडा वाढायचा,” असं साऱ्या घराला सांगितलं. मनाली त्यांची एकुलती एक मुलगी. दिवाळीच्या आधीच मेहुणे गेले, साध्या तापाचं निमित्त झालं. मासे मात्र वाढत राहिले. ताई कारखान्यातून आली की आधी तळ्यावर जायची, मग घरात. पाणी हललं की तिला बरं वाटायचं.

यंदा मनालीचं लग्न मार्गशीर्षातलं ठरलं, आणि तळ्याचा गाळ नेमका वैशाखात काढायचा निघाला. तळ्यात अर्धा वाटा ताईच्या दिराचा, कमळाकरचा. माणूस वाईट नाही, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

“वयनी, गाळ काढायचा म्हंजे पाणी काढायचं, आनि पाणी काढलं की मासा खायचा. नेहमीचंच हाय. लग्नाला पायजे तर बर्फात ठेवू.”

“बर्फातलाच घालायचा तर बाजारातला काय वाईट?” ताई म्हणाली. “मला जित्ता पायजे, भावजी. पलीकडच्या गावची धोंडुबाय तिच्या तळ्यात ठेवाला देते.”

“मंग पंप येईपरत काढ. मी कशाला नाय म्हणू?”

काढायचा कसा, तिथं सगळं अडलं. चोरांनी जाळं टाकू नये म्हणून तिकडे तळ्यात बाभळीच्या फांद्या टाकून ठेवतात. मेहुण्यांनी तर अख्खी बाभूळच आत लोटली होती. आता चोराचं जाळं अडकायचं तसं मालकाचंही अडकणार. पाणी उपसून मासा धरावा, तर उन्हात कढत चिखलात जिताडा टिकत नाही. शेजारच्या तळ्यात गेल्या वर्षी सगळेच्या सगळे पोट वर करून पडले होते.

मग माझी आठवण झाली. मला कुंडलिकेच्या काठी रॉड घेऊन उभं राहण्याचं वेड आहे. बायकोच्या मते तो आजार आहे. माझ्याकडे लूर, म्हणजे प्लास्टिकच्या नकली माशांची एक पेटीच आहे. प्रत्येकाच्या पोटाखाली एक आणि शेपटीला एक, असे तीन-तीन टोकांचे गळ. मी मोठ्या ऐटीत पेटी घेऊन गेलो आणि गावासमोर शोभा करून घेतली. पहिला लूर बाभळीत गेला तो गेलाच. दुसऱ्याला एक लहानसा जिताडा लागला, पण एक टोक ओठात, दुसरं कल्ल्यात. सोडवेपर्यंत रक्ताची धार लागली, वर पोटाखालचा गळ माझ्या अंगठ्यात घुसला. जिताडा मेला. मी जगलो, पण गावाला हळहळ त्याचीच वाटली.

ताईनं त्याचं कालवण केलं, मला पोटभर वाढलं आणि मग म्हणाली, “जेवलास ना, नितेश? आता ती पेटी इकडं दे.”

पुढचं मला बघवेना. तिनं प्रत्येक लूरच्या पोटाखालचा गळ काढून टाकला. शेपटीच्या गळाची दोन टोकं कटरनं उडवली आणि वरच्या अंगाला बघणारं एकच ठेवलं, म्हणजे खालच्या फांदीत रुतायला नको. त्या टोकाला मासा सुटू नये म्हणून उलटा काटा असतो. तोही पक्कडीनं दाबून सपाट केला.

“ताई, तो काटाच तर माशाला धरून ठेवतो,” मी कळवळून म्हणालो.

“आनि सोडवताना तोच फाडतो. मासा मी धरून ठेवीन.”

लूर पिंपात सोडला तर एका अंगावर कलंडला. वजन गेलं होतं ना. मी तोंडावर आलेलं हसू दाबलं, पण तिनं ते पाहिलंच. पिशवीतली पितळी तार काढून तिनं गळाच्या दांडीला वेढे द्यायला सुरुवात केली. थोडे वेढे द्यायचे, पिंपात सोडून बघायचं, काढायचं, पुन्हा द्यायचे. मुकुट डोकीवर बसेपर्यंत ती असंच करते. शेवटी लूर पाण्यात सरळ झाला आणि खऱ्या माशासारखा शेपूट हलवत चालला. तेव्हा माझं हसू आपोआप मावळलं.

मग ताईचा फेकायचा सराव. सुक्या शेतात टोपली ठेवायची आणि बांधावरून लूर टोपलीत टाकायचा. पहिले दोन दिवस टोपली सोडून सगळीकडे पडला, एकदा कमळाकरच्या वाळत घातलेल्या लुंगीत अडकला. काटा नसल्यामुळे लुंगी न फाटता सुटली, हे ताईनं त्याला मुद्दाम दाखवलं.

आठवडाभर ती पहाटे आणि कारखान्यातून आल्यावर तळ्यावर उभी राहिली. जिताडा लागला की उसळी मारून डोकं झटकतो, दोर जरा सैल पडला की बिनकाट्याचा गळ निसटतो. तिचेही दोन-तीन निसटले. पण हात बसला. एकेक मासा ओठात नुसत्या टोचणीवर बाहेर आला, निळ्या पिंपात बसून टेम्पोनं धोंडुबाईच्या तळ्यात गेला, आणि एकही मेला नाही. उरला तो सगळ्यांत थोरला. तो लूर बघायचा आणि तोंड फिरवायचा.

पंप यायच्या सकाळी तो अजून आतच होता. कमळाकर पाइप सोडायला उभा, बांधावर माणसं, कोणी तर मसाला वाटून ठेवल्याचंही सांगत होतं. ताईनं लूर बाभळीच्या अगदी पोटात टाकला. बांधावर कोणीतरी “गेला” म्हणालं. लूर फांदीला घासून सरळ पार निघाला, आणि पाणी फुटलं.

काय तो मासा! हातभर वर उडाला आणि त्यानं जोरात डोकं झटकलं. “रॉड खाली, ताई, म्हणजे तो उडणार नाही,” मी ओरडलो. रॉड आधीच खाली होता. तो बाभळीकडे पळाला तशी ताई लुगड्यासकट छातीभर पाण्यात उतरली आणि दोर ताणून वाटेत उभी राहिली. किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी तो दमून काठाला आला, तिनं दोन्ही हातांनी कवेत घेतला, आणि गळ आपला आपणच गळून पडला. पिंप उचलायला पहिला हात कमळाकरचा. “बाजूला व्हा रं, पाणी सांडेल,” म्हणून तो मसालेवाल्यांवरच खेकसला.

धोंडुबाईच्या तळ्यात सोडला तर मासा कलला. ताई त्याला सरळ धरून पाण्यात उभी राहिली. धोंडुबाई म्हणाली, “सोड गो आता, जाईल तो.” ताईनं हात सैल केले. त्यानं कल्ले हलवले, आणि शेपटीचा असा फटका मारला की कमळाकर नखशिखांत भिजला. तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

ताईनं ओल्या हातांनीच मनालीला फोन लावला. म्हणाली, “मने, तुझ्या लग्नात जेवण तुझा बाप घालणार हाय गो.”