कंदिलाला जागा

समोरच्या नव्या टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ काल संध्याकाळी लाल आकाशकंदील घेऊन एकेका खिडकीशी झगडत होता. खिडकी जेमतेम वीतभर उघडते, कंदील हातभर रुंद. गॅलरी नाहीच. शेवटी त्याने खिडकी लावून घेतली आणि कंदील आतच राहिला.

या टॉवरवरून शहरात वर्षभर वाद चालला आहे. मध्यवस्तीला तो शोभतो का, निळी काच बरी की दगडी रंग? वर्तमानपत्रात पत्रं आली, चर्चासत्रं झाली. खिडकी किती उघडते, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

आमची इमारतही आता पाडून नवी होणार आहे. परवाच्या बैठकीत मी नकाशावर पट्टी लावून पाहिली. गॅलरी नाही. विचारलं, "कंदील कुठे लावायचा?"

सेक्रेटरी हसला. "काका, लॉबीत सगळ्यांचा मिळून एक मोठा लावू की! तुम्ही रंगाचं बोला."

मग सगळे रंगाचंच बोलले. रविवारी सह्या आहेत.

काल थोड्या वेळाने तो गृहस्थ लहान मुलीला घेऊन खाली रस्त्यावर, आमच्या गॅलरीखाली आला. दोघं वर आपल्या खिडक्यांकडे बघत राहिले.

"बाबा, तो पिवळा आपला?"

"हो. काचेमुळे तसा दिसतो."

तो पिवळा आमच्या गॅलरीतला कंदील होता, टॉवरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडलं होतं. रविवारी सह्या झाल्या, तर पुढच्या दिवाळीत तिला तोही दिसणार नाही.