ताईच्या गाडीचं स्टिअरिंग

गॅरेजमध्ये त्याला सगळे ‘थांबा’ म्हणत. कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी तो एकदा तरी ‘थांबा’ म्हणायचाच. गिऱ्हाईक घाईत असलं तर दोनदा. कामात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. इंजिन उघड, गिअरबॉक्स उतरव, कशाला म्हणून नाही म्हणायचा नाही. फक्त स्टिअरिंगच्या कामाला अकरा वर्षांत त्याने बोट लावलं नव्हतं. तसं काम आलं की चौकातल्या दुसऱ्या गॅरेजचा रस्ता दाखवून तो मोकळा व्हायचा.

अकरा वर्षांपूर्वी तो एका गाडीत स्टिअरिंगवर वाकून एअरबॅगची वायर तपासत होता. बॅटरी सोडवून ठेवलेली होती. बॉनेटपाशी त्याचा भागीदार उभा होता, उंचीमुळे सगळे त्याला लांब्या म्हणत. लांब्याने बॅटरीची वायर परत जोडली आणि एअरबॅग थांबाच्या तोंडाशी फुटली. भाजलेला गाल महिन्याभरात भरून आला. डाव्या कानाचा पडदा गेला तो गेलाच. दोघांनी गॅरेज चालू ठेवलं, एकत्र डबे खाल्ले, एकमेकांच्या मुलींच्या लग्नात राबले. पण त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कोणीही चकार शब्द काढला नाही.

आणि एका मंगळवारी सकाळी थांबाची थोरली बहीण टॉवेलात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. ताई साठीची होती. पेठेतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेऊन आणायचं काम ती करायची. तिने टॉवेल सोडला. आत नवंकोरं स्टिअरिंग होतं, काळ्या चामड्याचं, जाड, खालच्या बाजूला चपटं.

“या वयात शर्यतीत उतरताय की काय, ताई?” लांब्या हसला.

“तुमच्याशी लावली तर पायी चालत जिंकेन,” ताई म्हणाली. मग भावाकडे वळली. “कंपनीचंच आहे. याच गाडीच्या स्पोर्ट मॉडेलला येतं. जुनी एअरबॅग यातच बसते, शोरूमच्या काउंटरवाल्याने नंबर जुळवून दिलंय. बसवून दे.”

“ताई, चौकात ते दुसरं गॅरेज आहे ना...”

तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. बोटांचे सांधे सुजून सुपारीएवढे झाले होते. “परवा वळणावर ते जुनं बारीक चाक हातातून सटकलं. गाडी फुटपाथवर चढली. मागे दोन आजीबाई होत्या, आणि समोर एक माणूस सायकल लावून उभा होता. दोन बोटांच्या अंतराने वाचला. हे जाड आहे, मूठ भरते. चौकातल्या लोकांना मी ओळखत नाही. तुला ओळखते.”

थांबाने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिच्या बोटांवरून नजर हलेना.

त्याने गाडीची चाकं सरळ करून घेतली, किल्ली काढली. लांब्याने बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर सोडवली, तिच्यावर रबरी हातमोजा चढवला आणि ती मुठीत धरून तिथेच उभा राहिला. आत साठलेली वीज उतरावी म्हणून गाडीच्या पुस्तकात पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं होतं, थांबा अर्धा तास थांबला. मग आत बसला.

स्टिअरिंगच्या मागच्या भोकातून त्याने सळई घातली. आतली स्प्रिंग सुटताना ‘खट्’ झालं आणि त्याने तोंड बाजूला फिरवलं. एअरबॅग हातात आली, तान्ह्या बाळाएवढी जड. तिच्या वायरची पिवळी जोडणी नखाने उचकटून त्याने ती वेगळी केली, बॅग तोंड वर करून बाकावर ठेवली. मधला बोल्ट ढिला केला, खुणा जुळवल्या, जुनं चाक ओढून काढलं, नवं बसवलं, बोल्ट आवळला. पिवळी जोडणी त्याने घाईघाईत परत लावली. बॅग दाबून बसवली आणि तो जवळजवळ पळतच बाहेर आला.

गाडीत कोणी नाही हे पाहून लांब्याने वायर जोडली. थांबाने बाजूला उभं राहून, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या दिव्याचं, बसलेल्या माणसाचं लाल चित्र पेटलं. सहा सेकंदांत ते विझायला हवं होतं. दहा झाली, वीस झाली. दिवा तसाच.

“जोडणी पुरती बसली नाही,” थांबा म्हणाला.

“पेटू दे की एक दिवा,” ताई म्हणाली.

“दिवा पेटलेलाच राहिला म्हणजे एअरबॅग मेली. तुला तशी गाडी देऊ?”

लांब्याने पुन्हा वायर सोडवली. तिच्यावर हातमोजा चढवून त्याने ती थांबाच्या हातात दिली. “या खेपेला आत मी बसतो,” तो म्हणाला. “तू इथे उभा राहा.”

पुन्हा अर्धा तास गेला. मग लांब्या गुडघे दुमडून आत शिरला, आणि थांबा वायर धरून बॉनेटपाशी उभा राहिला. लांब्याने बॅग सोडवून जोडणीसकट मांडीवर घेतली तेवढ्यात डावीकडून कोणीतरी थांबाच्या खांद्यावर थाप मारली. तो दचकला. बंद पडलेली स्कूटर ढकलत एक माणूस आला होता, ऑफिसला उशीर झाला म्हणून तावातावाने बोलत होता. थांबा त्याच्याकडे उजवा कान करून ऐकू लागला, मान डोलावू लागला. हात रिकामा करावा म्हणून त्याने सवयीने वायर तिच्या जागी टेकवायला नेली. हातमोजा केव्हाच सुटून खाली पडला होता.

वितभर अंतर राहिलं तेव्हा त्याचं लक्ष गेलं.

त्याने वायर छातीशी ओढून घेतली. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून लांब्या काचेआडून त्याच्याकडे बघत होता. त्याने सगळं पाहिलं होतं, आणि तरी जागचा हलला नव्हता.

काम संपवून लांब्या बाहेर आला तेव्हा थांबा म्हणाला, “माझाही हात गेला होता आत्ता.”

“पाहिलं.”

“त्या दिवशी...”

“गिऱ्हाईक म्हणालं, हॉर्न वाजतो का बघा,” लांब्या खाली बघत म्हणाला. “मी जोडली. तू आत आहेस हे डोक्यातच नव्हतं. अकरा वर्षं रोज सांगायचं ठरवतो.”

थांबाने त्याच्या दंडावर हात ठेवला.

वायर जोडली. किल्ली फिरवली. लाल चित्र पेटलं. तिघंही मोजत होती, ताई तर मोठ्याने. सहाला दिवा विझला.

ताईने आत बसून चाकाभोवती बोटं वळवली. अंगठे नेमके खोबणीत बसले. तिने डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, हॉर्न दिला. दवाखान्यातून एका आजोबांना आणायचं होतं, ते घड्याळाकडे डोळे लावून बसले असतील, असं म्हणत तिने चहालाही न थांबता गाडी काढली. वळणावर गाडी रेघ आखल्यासारखी वळली.