रविवारचा मिस्तरी

"जरा धर."

राम राम नाही, नमस्कार नाही. सायकल कडुनिंबाला टेकवायची, कॅरिअरवरची पिशवी सोडायची आणि समोर जो असेल त्याच्या हातात काहीतरी ठेवायचं. पाना, साखळी, नाहीतर तेलाचा डबा. समोर सरपंच असो की काठी टेकत आलेली म्हातारी, "जरा धर." हातात जड लोखंड आलं की माणूस आपोआप हापशाजवळ उभा राहतो. मग "मला काम आहे" म्हणून सटकायची सोय उरत नाही.

अशी हातात लोखंड देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी पाहिलेला हा माणूस उदगीरकडचा, ख्रिस्ती. हापसे दुरुस्त करायचा सरकारी ठेका घेतलेल्या एका गुत्तेदाराकडे कामाला होता. सगळे त्याला मिस्तरी म्हणत. बायांना तो सरसकट अक्का म्हणायचा, मग ती सतरा वर्षांची असो की सत्तरची. डब्यातल्या गोड्या तेलात चामड्याचे वायसर भिजत ठेवलेले असायचे. त्याच्या अंगाला नेहमी शेंगदाण्याच्या तेलाचा वास यायचा. आमच्या वस्तीतल्या बाया म्हणायच्या, मिस्तरी आला की भजी खावीशी वाटतात.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि जिल्हा नवा होता. जुन्या जिल्ह्यातून गावं इकडे आली, पण सगळ्या गावांचे हापसे काही यादीत आले नाहीत. आमच्या वस्तीचा हापसा जुन्या यादीतून कटला आणि नव्या यादीत चढलाच नाही. म्हणजे हापसा होता, बंद होता, आणि कागदावर नव्हता. गुत्तेदार यादीबाहेर हात लावत नव्हता. आमच्या बाया दोन महिने मैलभर लांबच्या मळ्यावर पाणी मागत हिंडत होत्या.

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होतो आणि चळवळीत होतो. पत्रकं लिहायचो. "दया नको, हक्क हवा" ही ओळ तर मी झोपेतसुद्धा लिहिली असती. मदत करणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग यायचा. ज्याचं काम आहे त्याची मानगूट सोडून मधेच कुणीतरी उपकार करून जातो आणि अन्याय तसाच राहतो, असं माझं म्हणणं. आजही ते सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

सोमवारी आमचा रिकाम्या घागरींचा मोर्चा होता, त्यासाठी मी वस्तीत आलो होतो. आणि रविवारी दुपारी, चर्च उरकून, हा माणूस वस्तीत हजर. कुणीतरी बाजारात त्याच्या कानावर घातलं होतं.

"हापसा यादीत नाही," मी म्हणालो.

"हाव. म्हनून तर आज आलो. यादीतले हापसे सोमवार ते शनवार."

"रविवारी तुमच्यात सुट्टी असते ना?"

"पगाराला सुट्टी. तहानीला कुठली?"

मोर्च्याचं पत्रक त्याच्यापुढे धरून मी मुद्द्यावर आलो. "हे बघा, आज दुरुस्त करू नका. उद्या मोर्चा आहे. हापसा चालू झाला तर मोर्च्यात दम राहणार नाही."

मिस्तरीने माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग आज रातच्याला ह्या अक्कांनी काय प्यायचं? तुजं पत्रक?"

बाया खो खो हसल्या. माझी चुलती सगळ्यात जास्त. मी चिडून विचारलं, "धर्म बदलायला लावणार का आमचा?"

मिस्तरी काही बोलायच्या आत चुलतीच म्हणाली, "आमी बदलला की छप्पन सालीच. आता ह्यो वायसर तेवढा बदला मिस्तरी."

तो इतका हसला की त्याला पाना खाली ठेवावा लागला. मग म्हणाला, "मोर्चा काढ की बाबा. पानी पिऊन काढ. घोषणा द्यायला घसा तर वला ऱ्हाईल." आणि तो पाना माझ्या हातात दिला. "जरा धर."

तासाभरात पाणी आलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पाणीपुरवठ्याच्या कचेरीवर भरलेल्या घागरींचा मोर्चा नेला. असा मोर्चा त्या कचेरीने कधी पाहिला नसेल. साहेब हसून म्हणाले, "घागरी भरलेल्या दिसताहेत. मग तक्रार काय?"

चुलतीने घागर त्यांच्या टेबलावर ठेवली. "हे पानी मिस्तरीचं हाय सायेब. तुमचं कुठं हाय?"

साहेबांनी हापसा यादीत घ्यायचं कबूल केलं. आणि मी त्या वाक्याने पेटलो. चुलतीची ओळ मथळ्याला टाकून पत्रक काढलं. पुराव्याशिवाय लिहू नये, हे आम्हाला शिकवलेलं. म्हणून पुरावा दिला. मिस्तरीचं नाव दिलं. तो यादीबाहेरच्या ज्या सात गावांत रविवारी जायचा, त्या गावांची नावं दिली. "गुत्तेदार यादी दाखवतो, हा माणूस पाना काढतो" असंही लिहिलं. उदगीरच्या बाजारात स्वतःच्या हाताने वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची स्तुती छापली होती.

आठव्या दिवशी कळलं, गुत्तेदाराने त्याला कामावरून काढलं. त्याचं म्हणणं, माझे पाने, माझी साखळी, माझे वायसर यादीबाहेर वापरले. साक्ष कोणाची? माझ्या पत्रकाची.

मी त्याच्या घरी गेलो. तो दारात स्टोव्ह दुरुस्त करत बसला होता. मी उभ्यानेच सुरू झालो, "दुसरं पत्रक काढतो. गुत्तेदाराला उघडा पाडतो. तुम्हाला परत घ्यायलाच लावतो."

"नको बाप्पा," त्याची बायको आतून म्हणाली. "एका पत्रकात नोकरी गेली. दुसऱ्यात घर जाईल."

मी खाली बसलो. विचारलं, "राग नाही आला माझा?"

"आला की. लई आला. प्रार्थनेला बसलो तर देवाच्या जागी तूच दिसून राहिला." स्टोव्हची पिन तो फुंकत होता. "मंग ध्यानात आलं, चूक माजीबी हाय. सात गावं माज्या एकट्याच्या सायकलीवर कामून ठिवली मी? मी पडलो की पानी बंद. ही कसली मदत? हा तर माजा मोठेपना झाला."

आमच्या सगळ्या शिबिरांत दयेवर एवढी कडक टीका मी ऐकली नव्हती. आणि ती करणारा माणूस स्वतःबद्दलच बोलत होता.

"तुला पत्रकच काढायचं ना?" तो म्हणाला. "काढ. हापसा कसा खोलायचा, कसा बसवायचा, त्याची चित्रं काढ. अक्कांना वाचता येत न्हाई, म्हनून चित्रं. घोषणा नको. माजं नाव नको. तुजंबी नको."

मी काढलं. माझी चित्रं भयंकर होती. पाईप दुधीभोपळ्यासारखे आले. पण नाव नसलेलं ते माझं पहिलं पत्रक.

पुढच्या रविवारी कुणाकडून तरी उसनी आणलेली हत्यारं घेऊन तो आला. चुलती आणि अजून चार बाया पुढे झाल्या. चालू हापसा खोलायचा, आणि तोही बायांनी! वस्तीतले गडी बडबडायला लागले. भीती खोटी नव्हती. पाईप वर ओढताना त्याला पकडून धरणाऱ्या शिकंज्यातून सुटला तर खालच्या पाईपांची सगळी रांग बोअरमध्ये जाते आणि बोअर कायमचा संपतो. नवा बोअर त्या दुष्काळात कोण देणार होतं? मला वाटलं, निदान पहिला पाईप तरी मिस्तरी काढून दाखवील.

तो कडुनिंबाखाली जाऊन बसला. "मी हात लावनार न्हाई," एवढंच म्हणाला.

बायांनी पदर खोचले. झाकण निघालं, साखळी निघाली, पहिला पाईप वर आला. चित्रं वाऱ्याने उडत होती म्हणून त्यावर विटकर ठेवली होती. दुसऱ्या पाईपाला शिकंजा ढिला बसला आणि पाईप हातभर खाली सरकला. बाया किंचाळल्या. मी धावलो. तेवढ्यात चुलती ओरडली, "दूर हो रे! आवळा गं, आवळा!" तिने अंगाचा भार टाकून शिकंजा दाबला. दुसरीने पाना फिरवला. पाईप थांबला.

मी वळून मिस्तरीकडे पाहिलं.

पुढे तो कामासाठी धर्माबादकडे गेला आणि मला परत भेटला नाही. त्या पाचजणींनी नंतर तो हापसा किती वेळा खोलला, ते मी विसरलो. आसपासच्या गावांत त्याला मी कितीदा तरी काम करताना पाहिलं होतं. चिखलात, उन्हात, मनगटापर्यंत तेलात. ते सगळं आता पुसट झालंय.

दिसतो तो त्या क्षणी मी वळून पाहिलं तेव्हा दिसला तसा. डोळे पाईपावर, ओठ हलताहेत, कपाळावरून घाम गळतोय. आणि दोन्ही हात त्याने स्वतःच्या मांड्यांखाली घट्ट दाबून धरलेत.