मखरातलं मशीन

रंजनीच्या पायाला भिंगरी होती. वेस्ट मांबलमच्या घरात ती कॉफीसुद्धा उभ्यानेच प्यायची, आणि अंबत्तूरच्या कारखान्यात खुर्ची गरम व्हायच्या आत उठायची. ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कंपनीचं सीएसआर, म्हणजे समाजासाठी करायची कामं, तिच्याकडे होतं. मालक वेंकटरमण दरवर्षी नव्या शाळांना पाणी शुद्ध करणारी मशीनं देत, नारळ फोडत, फोटो काढत. यंदा त्यांनी या कामाचा आढावा घ्यायला सांगितलं आणि रंजनीची झोप उडाली.

ती जुन्या शाळा बघायला गेली. पहिल्याच शाळेत मशीन प्लास्टिकच्या वेष्टनात, वर चंदन-कुंकू, दसऱ्याला यंत्रं पुजतात त्या आयुधपूजेचा सुकलेला हार. मुलं अंगणातल्या बोअरच्या खाऱ्या नळाला तोंड लावत होती. मुख्याध्यापिका कनका हळूच म्हणाली, "एवढी महागाची वस्तू. बिघडली तर माझ्यावर येईल, मॅडम. मालकांना सांगू नका."

बाकीच्या शाळांतही हीच रड. रंजनीच्या सासूबाईंनी, सीतालक्ष्मींनी, भेट आलेला मिक्सर अजून खोक्यातच ठेवला होता. "वापरलं की मोडतं गे, राहू दे की," हे त्यांचं पालुपद. तेव्हा कनकावर रागावायचं तरी कसं?

तिने मालकांपुढे उपाय मांडला: यंदा नवी मशीनं नकोत, तो पैसा जुन्यांची देखभाल करायला, फिल्टर बदलायला आणि दर महिन्याला कारखान्यातला फिटर पाठवायला घालू.

"दुरुस्तीचं उद्घाटन कोण करतं, रंजनी?" वेंकटरमण हसले.

इथेच घोडं पेंड खात होतं. मशीनं वापरातच नाहीत हे सांगावं तर नोकरीवर बेतणार, शिवाय कनका अडचणीत. गप्प बसावं तर मुलांच्या नशिबी खारंच पाणी. चार दिवस ती त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत फिरत होती. शेवटी म्हणाली, "निदान एक जुनी शाळा बघून या, सार."

मालक आपल्याच शाळेत येणार हे कळताच कनकाने घाईघाईने वेष्टन काढलं, ताजा हार घातला. वेंकटरमण खूश झाले. उन्हाने घसा कोरडा पडलेला. त्यांनी पेला धरून मशीनची तोटी फिरवली. थेंब नाही. कनकाचा चेहरा उतरला.

"सार, परवाच..." ती चाचरली.

"यांची चूक नाही," रंजनी मध्येच म्हणाली. "आपण मशीन ठेवलं, फोटो काढला आणि निघून गेलो. नळ जोडायला कोणी आलंच नाही."

अंगणातल्या नळाशी जाऊन वेंकटरमणांनी ओंजळ भरली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून थुंकला. मागे उभी असलेली एक मुलगी पुढे झाली, नळाला तोंड लावून पोटभर प्यायली आणि बाहीने तोंड पुसत वर्गात पळाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग मागे न वळताच म्हणाले, "फिटर आज येईल का?"

रंजनीने फोन केव्हाच कानाला लावला होता.