त्या बाईंचे पेपर

लग्नात तांदूळ पसरलेल्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. एकही पेपर छापून आला नव्हता. आडनाव बदलणार हे ठाऊक होतं, पण उंब्रजच्या त्या घरात सुनेचं पाळण्यातलं नावही बदलायची रीत. मैत्रिणी हसल्या, मीही लाजले. तेवढी अक्कल तेव्हा कुठं होती!

पुढं हळदीच्या कंदकुजीवर काम केलं. गड्डे जमिनीतच कुजून जातात, आणि एखादंच वाण तग धरतं. ते कुठल्या जनुकामुळं, हे शोधण्यात सांगलीच्या लॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. पहिला पेपर कुणी वाचला नाही, दुसरा मात्र चालला. दुसऱ्या कुणी त्याच्या पेपरात आपल्या पेपरचा हवाला दिला की ते एक सायटेशन. आमच्यात माणसाची पत त्यावरच ठरते. केरळातले, चीनमधले, कुठले कुठले लोक माझा हवाला द्यायला लागले. माझा म्हणजे, ताटातल्या त्या नावाचा.

नवरा साखर कारखान्यात केमिस्ट. मारहाण नाही, दारू नाही, फक्त बोलणं संपलेलं. शेजारी बसून दोघं आपापला मोबाइल बघत जेवायचो. माझं कौतुक झालेलं त्याला कधी पचलं नाही, आणि त्याचं ते तोंड पाडणं मला. सुटावं असं फार वाटायचं, पण दर वेळी पाय तिथंच अडकायचा. बाहेर पडले तर नाव कुठलं लावू? मी इंटरनेटवर माझं प्रोफाइल उघडून बसायचे. सायटेशनचा आकडा वाढला की बरं वाटायचं आणि लगेच जीव घुसमटायचा. आकडा जेवढा मोठा, तेवढी मी त्या घराला जास्त बांधलेली.

शेवटी एकदा घरात बोललेच, मला घटस्फोट हवा. सासरे फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, मला कायम मान देणारे. तेच म्हणाले, "गाडी ने, भांडीकुंडी ने, आमी न्हाई म्हणत न्हाई. पर नाव आमच्या घरचं हाय. ते हितंच ठेवून जा."

"आवं आबा, माझे सगळे पेपर त्या नावानं हायत."

"मग छापायच्या आधी इचार करायचा हुता," असं म्हणून ते गोठ्याकडं गेले.

नवऱ्यानं ती अट साताऱ्याच्या कोर्टातल्या अर्जात घातली. दुसरं लग्न करायचं होतं त्याला, त्याचं नाव लावणाऱ्या दोन बायका नकोत म्हणे. माझी वकील म्हणाली, अडून बसाल तर वर्षं जातील. मी सही केली. डिपार्टमेंटमधली मैत्रीण चिडली, "एवढं रेकॉर्ड कुणी सोडतं का? लय शहाणी आहेस." तिला काय सांगू, मला तेव्हा नुसता मोकळा श्वास हवा होता.

कुंडलला माहेरी गेले की आई जुन्या नावानं हाक मारायची, आणि मला ओ द्यायला उशीर व्हायचा. त्याच नावानं नवा पेपर लिहिला. लिहिताना माझं डोकं फिरलेलं होतं. ज्या नावावर माझा हक्क नाही त्याचा हवाला मी कशाला देऊ? संदर्भांच्या यादीतनं माझे जुने पेपर एकजात काढून टाकले आणि एका जर्नलला धाडून दिला.

काही महिन्यांनी उत्तर आलं. आमचे पेपर छापण्याआधी दोन तज्ज्ञांकडं जातात, आणि ते कोण हे आपल्याला कळत नाही. पहिल्यानं मान्य केलं होतं. दुसऱ्यानं लिहिलं होतं, काम बरं आहे, पण लेखिका या विषयात नवखी दिसते. पायाभूत काम आधीच एका बाईंनी केलेलं आहे. पुढं माझं सासरचं अख्खं नाव. त्यांचे पेपर वाचल्याशिवाय आणि त्यांचा हवाला दिल्याशिवाय हे छापू नये, काही ठिकाणी तर त्यांची नक्कल वाटते.

आधी मला हसू आलं. मग लॅबचं दार लावून घेऊन मी रडले. संपादकाला कळवता आलं असतं की ती बाई मीच. पण पुरावा म्हणून धाडणार काय? कोर्टाचा कागद, आणि त्यातच लिहिलेलं की हे नाव मी यापुढं कुठल्याही कामासाठी वापरणार नाही. धाडला असता आणि ते तिकडं कळलं असतं, तर नवऱ्यानं पुन्हा कोर्टात खेचलं असतं. ती भीती खरी होती.

मी उत्तर लिहिलं, सूचना मान्य, त्या बाईंचं काम नजरेतून सुटलं, क्षमस्व. यादीत त्यांचे सगळे पेपर घातले.

पेपर छापून आला. त्या बाईंचा आकडा चढला, आणि तो मीच चढवला होता. माझ्या नव्या प्रोफाइलवर एक पेपर आणि शून्य. त्याच्या खाली कंप्युटरनं विचारलं होतं, याच विषयातल्या या संशोधिकेला फॉलो करायचं का, आणि पुढं त्यांचं नाव. मी हो दाबलं.