सदाभाऊंची जाड वायर

"सदाभाऊंच्या वायरीपायी शालनवहिनी घर सोडून..." भाजीच्या गाडीपाशी एवढंच कानावर पडलं आणि बोलणाऱ्या बाईची रिक्षा आली! आता अर्धं वाक्य घेऊन मी घरी कशी जाणार?

सदाभाऊ आमचे शेजारी, शालनवहिनी त्यांची बायको. भाऊ देहूरोडच्या लष्करी डेपोतून रिटायर झाले आणि लोणावळ्यात गाणी ऐकत बसले. आमच्या दोन्ही घरांत भिंत एकच, त्यामुळे त्यांचे किस्से माझ्याकडे आपोआप साठतात. मी काही कान लावत नाही. लावावा लागतच नाही!

*

भाऊंनी अँप्लिफायरला नवी पॉवर कॉर्ड, म्हणजे सॉकेटला जोडायची वायर, आणली. मनगटाएवढी जाड. आणि ताठ इतकी, की जोडल्याबरोबर अँप्लिफायरनं मागचे पाय उचलले! भाऊंनी वर खलबत्त्यातला बत्ता ठेवला.

"मी चटणी कशानं कुटू?" शालनवहिनी.

"मिक्सर लाव. आवाज मोकळा होतोय."

"कुणाचा? माजा अजून व्हायचाय!"

*

मग पॉवर कंडिशनर आला. भाऊ म्हणाले, "यातनं करंट स्वच्छ होऊन येतो."

"म्हंजी इतकी वर्षं आपण मळका वापरला?"

पण त्यातून जोडल्यावर अँप्लिफायरचा आवाज दबला. तबला चादरीखालून वाजावा तसा! भाऊ हिरमुसले. शेवटी अँप्लिफायर पुन्हा भिंतीतल्या सॉकेटला गेला आणि कंडिशनरवर फ्रीज आला. तेव्हापासून त्यांच्या दह्याला शुद्ध करंट!

*

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा, ही डेपोतली सवय. वहिनींनी कंडिशनरला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि तुळशीच्या पानानं पाणी शिंपडलं. नेमकं सॉकेटात! फट् झालं, मेन स्विच पडला.

"माज्या वस्तूंना पुन्हा हात लावायचा न्हाई!" भाऊ ओरडले.

वहिनी गप्प झाल्या. भांडण परवडतं हो, निदान ऐकू तरी येतं. ही शांतता काही मला बरी वाटेना.

*

आणि मग ते भाजीच्या गाडीपाशी ऐकलेलं अर्धं वाक्य. जाऊन बघते तर घराला कुलूप. वहिनींची बहीण मळवलीला एका बंगल्याची देखभाल करते. चकल्यांचा डबा घेतला आणि निघाले.

बंगल्यामागं बहिणीचं घर. कुंपणाचं फाटक बांबूला अडकवलेलं. सोडवायला गेले, तर हातात आली ती मनगटाएवढी वायर!

आत गेले. वहिनी घर सोडून आल्या होत्या, हे खरं. रागानं वायर पिशवीत घालून आल्या होत्या, हेही खरं. पण दुसऱ्या दिवशी अँप्लिफायर आणि स्पीकर रिक्षात घालून भाऊही मागोमाग हजर! "आता तूच लाव तुज्या हातानं," म्हणाले म्हणे.

गाणं चालू होतं. भाऊ डोळे मिटून बसलेले.

"मंदाताई, ऐका. जाड वायर नसती तर एवढं मोकळं ऐकू आलं असतं का?"

मी वहिनींकडं पाहिलं.

"न्हाई तर काय!" वहिनी म्हणाल्या. "मंदाताई, फाटक परत अडकवलंत ना? म्हशी आत शिरत्यात."