हिंदूरावच्या उतारावरचं न्यूट्रल

बाबा मंगळवारी गेले. त्या दिवशी गाडी करोल बागेतल्या गॅरेजात होती.

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी करमणूक म्हणून वाचतो. भूत, प्लँचेट... कशावरच माझा विश्वास नव्हता. तरी घडलं ते लिहितो.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. बाबा केंद्र सरकारी नोकरीत, दिल्लीत तिमारपूरला क्वार्टर. आजूबाजूला नव्या मारुत्या येत होत्या. बाबांनी मात्र एका वकिलातीच्या लिलावातली जुनी ऑटोमॅटिक गाडी हौसेने घेतली होती. रविवारी आईला शेजारी बसवून ते रिजच्या टेकडीवरून करोल बागेत जात. हिंदूराव हॉस्पिटलपुढे उतार लागला, की गियरची दांडी न्यूट्रलला आणि किल्ली बंद. पेट्रोल वाचवायला! खाली दुधाच्या बूथपाशी गाडी थांबत आली, की आईला म्हणायचे, "बघ, फुकटात आलो की नाही?"

एके दिवशी गियरबॉक्स बसला. मेकॅनिक सरदारजींनी तो उघडला आणि विचारलं, "अंकलजी, इसे बंद करके लुढकाते थे क्या? ऑटोमॅटिक है जी. तेल का पंप इंजन से चलता है. सूखा मर गया बेचारा."

परतताना रिक्षात मी बाबांना म्हणालो, "चार थेंब पेट्रोलसाठी तुम्हीच गाडी मारलीत."

 त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. चौथा दिवस मंगळवार होता.

पार्ट मिळत नव्हते. सरदारजी म्हणाले, "कॉन्टेसा गाडी का मॅन्युअल गियरबॉक्स बिठा देता हूँ. नहीं तो कबाड समझो." बाबांची गाडी अशी कापायची? महिनाभर मी हो म्हणू शकलो नाही. मग म्हणालो. तळाचा पत्रा कापला, क्लचचं पेडल आलं, नवी दांडी आली.

पहिल्या रविवारी आईला घेऊन निघालो. सकाळचे दहा. रिजवर गाडी तिसऱ्या गियरमध्ये, माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर, क्लचवर पाय नाही. उतार लागला — आणि दांडी न्यूट्रलला आली. झटक्याने नाही. कुणीतरी सवयीने काढावी तशी. मग इंजिनाचा आवाज थांबला. पाहिलं, तर किल्ली बंदवर फिरलेली.

मी ब्रेकवर पाय ठेवला, पण दाबला नाही. गाडी घरंगळत बूथपाशी येऊन थांबली.

"तू बंद केलीस?" आईने समोर बघतच विचारलं.

"नाही."

"अच्छा..." तिने पदर सारखा केला. "मग रुसले नाहीत तुझ्यावर."

रिक्षातलं बोलणं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. बाबांनी सांगितलं असेल. मी विचारलं नाही.

सरदारजींनी त्या उतारावरून गाडी दोनदा नेली. "गियर अपने आप निकल सकता है, मान लिया. चाबी कैसे घूमेगी, यार?"  मीही पुढे अनेकदा तिथून गेलो, आईला घेऊनसुद्धा. पुन्हा काही झालं नाही.

आता आई नाही. क्वार्टर कधीच सुटलं. गाडी गुडगावच्या आमच्या सोसायटीत, बेसमेंटमध्ये उभी असते. वय झाल्यामुळे तिला रस्त्यावर आणायची परवानगी नाही. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. मग किल्ली मीच बंद करतो.